फाइलचे नाव ठरवायचे कोणी?

तासगावच्या बाजारातील बेदाण्याच्या सौद्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम जावात लिहायचा, तर त्यातल्या पब्लिक क्लासला ‘शेतकऱ्याचीपट्टी’ हे नाव खुशाल देता येते. जावाला देवनागरी चालते. मात्र फाइलचे नावही तंतोतंत तेच हवे, नाहीतर नेहमीचा जावा कम्पायलर अडून बसतो. भाषेच्या अधिकृत नियमावलीत ही सक्ती नाही, कम्पायलरला तशी मुभा आहे इतकेच.

खरी अडचण ‘ऱ्या’पाशी येते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एकाच संकेतांकाने लिहिता येतो किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही. पडद्यावर बहुधा फरक दिसत नाही, पण जावाच्या लेखी ही दोन वेगळी नावे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था तर अशी अक्षरे फोडूनच साठवत असे. नावाचा नियम जरूर असावा, शेकडो फाइलींतून हवा तो क्लास त्यामुळे चटकन सापडतो. पण दोन्ही रूपे एक मानण्याचे काम कम्पायलरनेच करायला हवे; मराठीत लिहिणाऱ्यावर तो भार टाकणे अन्यायाचे आहे.

रस्ट भाषेने २०२१मध्ये, १.५३ आवृत्तीत, देवनागरी नावे स्वीकारली आणि ही रूपे ती एकच मानते. मॉड्यूलचे नाव देवनागरीत असेल तर मात्र त्याची फाइल ती आपोआप शोधत नाही. फाइलचा मार्ग वेगळा लिहून द्यावा लागतो.