गांधीलमाशीच्या घरचा दाखला

नशिराबादच्या एखाद्या जुन्या धाब्याच्या घरात, ओसरीच्या तुळईला बारीकशा देठावर उलटे लोंबणारे, राखी रंगाचे आणि वरून कसलेही आच्छादन नसलेले गांधीलमाश्यांचे पोळे जरा अंतर राखून न्याहाळले, तर असे दिसते की बाहेरून आलेली माशी काठावर टेकताच घरची एखादी माशी पुढे होऊन आपल्या शृंगिकांनी तिचे अंग चाचपते आणि ती आपली ठरल्यास वाट देते, परकी ठरल्यास चावे घेऊन तिला हद्दपार करते.

हा निवाडा गंधावर होतो. सामाजिक कीटकांच्या कातडीवर हायड्रोकार्बन द्रव्यांचा मेणासारखा पातळ लेप असतो. त्याचे मूळ प्रयोजन अंगातील पाणी सुकू न देणे हे असले, तरी त्यातील घटकांचे प्रमाण पोळ्यागणिक बदलत असल्यामुळे तोच लेप ओळखीचाही दस्तऐवज ठरतो.

मात्र हा दस्तऐवज जन्मजात असतो काय? द्वीपकल्पीय भारतात आढळणाऱ्या ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि 1988 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कोशातून बाहेर पडताच पोळ्यापासून व भावंडांपासून तोडलेल्या माश्यांना आपपर भेद करता आला नाही. पोळ्याचा तुकडा व काही सोबतिणी ज्यांच्या सहवासात ठेवल्या होत्या, त्यांना तो आला. म्हणजे अंगावरची खूण आणि ती पारखण्याचा मनातला नमुना, दोन्ही घरातून मिळतात, रक्तातून नव्हे. या व्यवस्थेतली पळवाट युरोपातील ‘पोलिस्टिस सुल्सिफर’ या परोपजीवी माशीने अचूक हेरली आहे: ती दुसऱ्या जातीचे पोळे बळकावते, त्यावर पोट घासते आणि थोड्याच अवधीत यजमानांचाच गंध धारण करते. असा तोतया आमच्या पेशवाईतही विरळाच!

गदगकरांच्या प्रयोगाचे खरे महत्त्व मला पुढेच वाटते. गांधीलमाश्यांत एकाच पित्याच्या सख्ख्या बहिणींचे आनुवंशिक नाते तीन-चतुर्थांश असते, म्हणून कामकरी माशी स्वतः अंडी न घालता बहिणी वाढवते, अशी एक आकर्षक उपपत्ती आहे. पण रोपालिडिया मार्जिनाटाची राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते, तिच्या भिन्न पित्यांच्या मुली एकाच घरचा गंध अंगावर बाळगतात, त्यांना या खुणेवरून निराळे काढता येत नाही, आणि मुलींमधील सरासरी नाते निम्म्याच्या आसपास उतरते. तेव्हा कामकरी माशीच्या कष्टांचा उलगडा त्या तीन-चतुर्थांशाने होत नाही.