चांदी, जंतू आणि आपले पिण्याचे पाणी

मंडळी, बारसे झाले की आजोळहून बाळाला चांदीची वाटी-चमचा येतो. का म्हणून विचारले तर कोणी रीत म्हणतो, तर कोणी सांगतो की चांदीत जंतू राहत नाहीत. अलीकडे चांदीचा अंश असलेली गाळणयंत्रे आणि मलमेही बाजारात आली आहेत आणि दुकानदारही हेच वाक्य ऐकवतो. हे बोलणे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसले तर चांदीच्या भरवशावर जुलाब-काविळीचे दुखणे घरात येते. म्हणून ते नीट समजून घेऊ या.

देवघरातली चांदीची समई काही दिवसांत काळी पडते, हे आयाबहिणींना सांगायला नको. हवेत गंधकाचा थोडा अंश असतो आणि चांदीला गंधकाची भारी ओढ. आता गंमत अशी, की जंतूच्या शरीरातल्या प्रथिनांतही गंधक असते. पाण्यात चांदीचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, उतरले की ते या गंधकाला जाऊन चिकटतात. मग जंतूचे श्वसन बंद पडते, वाढ खुंटते आणि तो मरतो. कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने धातूंच्या अगदी सूक्ष्म अंशाने पाण्यातले शेवाळ मरते, हे पाहिले होते. त्यांचे हे काम त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ साली छापले गेले. अंश किती सूक्ष्म? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम चांदी चालते. म्हणजे एक ग्रॅम चांदी दहा हजार लिटरच्या टँकरला पुरते!

औषधात चांदीने मोठे काम केले आहे. पूर्वी आईच्या अंगातल्या परम्याच्या जंतूंमुळे जन्मताच बाळांचे डोळे येत आणि कित्येकांची दृष्टी कायमची जाई. जर्मनीत लाइप्झिग येथे डॉ. कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा २ टक्क्यांचा थेंब घालायला सुरुवात केली. त्यांच्या इस्पितळात शंभरातल्या दहाएक बाळांना होणारा हा रोग शंभरात एकावरही राहिला नाही. पुढे जंतुनाशक मलमे आली आणि तो थेंब मागे पडला. भाजल्यावर लावतात ते पांढरे मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, १९६८ सालचे. तेही डॉक्टरांना विचारूनच लावावे. तान्ह्या बाळाला आणि दिवस भरत आलेल्या बाईला ते चालत नाही. भाजल्याबरोबर आधी करायचे ते म्हणजे वीस मिनिटे साधे वाहते पाणी. शाई नको, टूथपेस्ट नको.

आता पाण्याकडे वळू. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणच्या बादशहाविषयी लिहून ठेवले आहे, की तो स्वारीवर निघाला म्हणजे खोआस्पेस नदीचे पाणी चांदीच्या भांड्यांत भरून खेचरांच्या गाड्यांवर बरोबर नेत. चांदीची थोरवी सांगणारे हा दाखला हटकून देतात. पण त्यातला एक शब्द गाळतात. ते पाणी आधी उकळलेले असे! चांदी चांगले पाणी चांगले ठेवते, पण वाईट पाणी चांगले करणे हे तिचे काम नव्हे. तिला तासन्‌तास लागतात, विषाणूंवर तिचा भरवसा धरता येत नाही आणि आवेच्या अमिबाची कवचातली रूपे तिला दाद देत नाहीत. पाणी गढूळ असेल तर चांदी त्यातल्या मातीला आणि कुजक्या पदार्थालाच चिकटून संपते.

मचूळ पाण्यात काय होते, ते गुरुजींनी वर्गात दाखवावे. परीक्षानळीत मिठाचे पाणी घ्यावे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाकावेत. लगेच पांढरा साका धरतो. मिठातल्या क्लोराइडने चांदीला बांधून टाकले, आता ती जंतूंपर्यंत पोचायची कशी? नळी उन्हात ठेवली की साका जांभळट-काळा होतो. मुलांना सांगा, मतदानाच्या शाईतही हेच सिल्व्हर नायट्रेट असते, म्हणून ती बोटावर काळी पडून बसते. द्रावण मात्र गुरुजींनीच हाताळावे. ते डोळ्यांना अपायकारक आहे.

याच कारणाने चांदीयुक्त पेये रोज घेऊ नयेत. शरीरात साठलेली चांदी कातडी कायमची निळसर-करडी करते आणि हा रंग औषधाने जात नाही. 'कोलॉयडल सिल्व्हर' या नावाने खुली विकली जाणारी औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली दिला.

तेव्हा पावसाळ्यात क्रम असा ठेवा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी स्वच्छ दुपदरी फडक्याने गाळून घ्यावे. मग त्यात क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालून अर्धा तास थांबावे. नाहीतर पाणी खळखळून उकळावे. विहिरीत टी.सी.एल. टाकली जाते की नाही, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारायला संकोच कसला?

मग चांदीची जागा कुठे? गाळणीत. ग्वाटेमाला देशात १९८१ साली मातीत लाकडाचा भुसा कालवून मडकी घडवली गेली. भट्टीत भुसा जळतो आणि बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी झिरपते आणि बरेचसे जंतू मागे अडकतात. आतबाहेर चांदीचा हात दिला, की अडकलेले जंतू तिथे घर करू शकत नाहीत. कुंभाराच्या चाकावर होणारी ही वस्तू पुढे अनेक देशांत गेली. आपल्याकडच्या गाळणयंत्रातल्या चांदीच्या कँडलचे कामही तेच. ती साबणाने धुऊ नये. मऊ ब्रशने पाण्याखाली हलकेच घासावी, आणि तडा गेला किंवा घासून बारीक झाली की बदलावी. तडकलेल्या कँडलमधून पाणी भरभर येते, एवढीच तिची खूण.