जमीन मिळाली, पण घर सावरलं का?

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. आधी निम्मी रक्कम बिनव्याजी कर्ज होती. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान आहे. ‘इतके लाभार्थी, इतके एकर’ हा मात्र वाटपाचा हिशेब झाला, परिणामाचा नव्हे.

पाऊस चांगला झाला की अख्ख्या गावाचंच उत्पन्न वाढतं. त्याचं श्रेय योजनेला कसं द्यायचं? म्हणून जमीन न मिळालेलं तशाच परिस्थितीतलं कुटुंबही सोबत पाहावं लागतं. निवड चिठ्ठ्या टाकून झाली असेल, तर ज्यांची चिठ्ठी निघाली नाही तेच तुलनेला सर्वांत योग्य.

नुसते क्विंटल विचारून भागत नाही. शेताला वाट आहे का? पाणी? सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे का? जमीन स्वतः कसतात की बटईने दिली? ऊसतोडीला जाणं थांबलं का? आणि कमी मजुरीला ‘नाही’ म्हणता येतं का? आमच्या मते हाच खरा प्रश्न. छापील तक्त्यात त्याला रकाना नसेल, तर सर्वेक्षणाला जाणाऱ्या तरुणांनी तो हाताने आखून घ्यावा.