मातीचा मावळा रंगविताना

दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीचे मावळे बाजारातून आणावे, पण रंग घरीच द्यावा, असे आमचे मत आहे. सिंदेवाहीस आमची नातवंडे तसेच करितात. प्रथम पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. तो वाळल्यावर मुंडासे, अंगरखा, शेला. डोळे व मिशा अगदी शेवटी, बारीक कुंचल्याने. साध्या शिपायाची ढाल कातड्याची; तिला सोनेरी रंग फासू नये. खेळण्यास इतका काटेकोरपणा कशास, असे कोणी म्हणेल. परंतु इब्राहिमखान नामक दुसऱ्याच पुरुषाचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून आपल्याकडे खपत होते. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र पुढे आणिले, तेव्हा कोठे तो भ्रम फिटला! परवा नातीने विचारिले, “आजोबा, मावळ्याच्या पायांत काय रंगवू?” तिला आम्ही जुनी चित्रे पाहावयास बसविले आहे.