टकळी, समवाय आणि विचार करणारं मूल

मूल विचार करायला कधी शिकतं, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात ऑक्टोबर 1937 मध्ये मोठ्या गांभीर्याने मांडला गेला. 22 आणि 23 तारखेला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. हाताने काम करता करता बुद्धी वाढते, म्हणून सगळं शिक्षण एखाद्या उद्योगातून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने दोन महिन्यांच्या आत अभ्यासक्रमाचा आराखडा दिला. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं उद्योग, मातृभाषेला चाळीस मिनिटं. हे प्रमाण आजही दचकवणारं आहे. मुलांच्या मालातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर तेव्हाच टीका झाली. पोरांना मजूर करून टाकाल, ही भीती खरी होती आणि ती रास्तच होती, असं मला वाटतं.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ही योजना ‘नई तालीम’ या नावाने प्रत्यक्षात आणली. उद्योग म्हणून सूतकताई निवडली गेली. कापसाच्या मुलखात दुसरं काय सुचणार? वर्धा जिल्ह्यात हिंगणीपासून हिंगणघाटापर्यंत घराघरात पऱ्हाटी, सरकी, पेळू हे शब्द पोरांच्या तोंडी होतेच.

आता सुताकडे जरा जवळून बघू. एक तार चार फुटांची. 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. एका पौंडात साधारण जितक्या गुंड्या बसतील, तितका सुताचा अंक. म्हणजे एकाच लटीचं वजन करून मुलाला अंक काढता येतो: लटी जितकी हलकी, तितका अंक मोठा आणि सूत बारीक. इथे व्यस्त प्रमाण पाठ करावं लागत नाही, तराजूत दिसतं. तार का तुटली? पीळ कमी पडला की कापसाचा तंतू आखूड होता? की हवा कोरडी आहे? प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून बघितली, तर कारण सापडतं. शास्त्रज्ञाची शिस्त ती हीच.

या सगळ्यात शिक्षकाचं काम सर्वांत अवघड होतं. हातातलं काम आणि वहीतलं ज्ञान जोडणं, त्याला नई तालीमवाले ‘समवाय’ म्हणत. माझ्या मते सगळी योजना या एका शब्दावर उभी होती आणि तिथेच ती कोसळली. या पद्धतीच्या सरकारी ‘बुनियादी’ शाळा वाढल्या, तिथे सूत काढायची टकळी आली, पण प्रश्न विचारणारा शिक्षक सोबत आला नाही. मुलं मुकाट्याने सूत काढत राहिली आणि मग वेगळ्या तासाला पाढे घोकत राहिली. खुद्द झाकिर हुसेन यांनीच पुढे या अंमलबजावणीवर कडक टीका केली. 1966 च्या अहवालात कोठारी शिक्षण आयोगाने ‘कार्यानुभव’, म्हणजे शाळेतच प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सुचवला, त्याचाही बहुतेक शाळांत एक तास होऊन बसला. पुढे सेवाग्रामची शाळाही बंद पडली. 2005 मध्ये तिथेच ‘आनंद निकेतन’ नावाने शाळा पुन्हा उभी राहिली, ही या कहाणीतली मला सर्वांत आवडणारी नोंद.

समवायाचं मोल पुढच्या काळातल्या अभ्यासांतूनही कळतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 मध्ये छापून आला. धंद्यातले हिशेब त्यांनी 98 टक्के बरोबर केले. तीच आकडेमोड कागदावर नुसती मांडून दिली, तर जेमतेम 37 टक्के. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांचंही असंच चित्र आलं. त्यात आणखी एक गोष्ट होती: फक्त शाळेत शिकणाऱ्या बहुतेक मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. मन एका जागी शिकलेलं आपसूक दुसऱ्या जागी नेत नाही. कोणी तरी ते उचलून न्यायला शिकवावं लागतं. नुसत्या हाताने हे होत नाही, नुसत्या वहीनेही नाही.

2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. चांगलंच आहे. पण त्या दहा दिवसांत काय विचारायचं, हे कोण ठरवणार?

हिंगणीच्या वर्गात ते ठरवायला फार लांब जायला नको. सरकारी कापूस खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्याला टक्का कपात, बारा टक्क्यांवर माल परत. वेचणीच्या दिवसांत ही चर्चा घराघरात ऐकू येते. दहा टक्के ओलाव्याचा कापूस आजच विकावा, की दोन दिवस वाळवून वजनात घट सोसावी? पोरांनी दोन्ही हिशेब मांडावेत, थोडा कापूस ओसरीवर वाळवून रोज तोलावा, आणि उत्तर चुकलं तर कोणतं गृहीतक चुकलं ते फळ्यावर लिहावं.