विश्लेषण : ‘पुढचा सामना आपलाच’ असे चाहत्यांना का वाटते? अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील दोन धक्के काय सांगतात?

मार्च महिना आला की अमेरिकेतील कार्यालयांत, वसतिगृहांत आणि घराघरांत एक तक्ता फिरू लागतो. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोण कोणाला हरवणार, हे चाहते सामने सुरू होण्याआधीच त्यात भरून ठेवतात. पहिले मानांकन मिळालेल्या संघाच्या सलामीच्या लढतीपुढे तर विचार न करताच खूण केली जाते. २०१८ मध्ये ही खूण पहिल्यांदा चुकली आणि २०२३ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा हरलेल्या संघाचा ‘पुढचा सामना’ वर्षभर चर्चेत राहिला. चाहत्यांची अपेक्षा नेमकी कशावर उभी असते, ती कुठे चुकते आणि तिची किंमत कोण मोजते, याचा हा आढावा.

मानांकन कसे ठरते?

एनसीएए ही अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटना ही स्पर्धा भरवते. पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ असतात. त्यांचे चार विभाग पाडले जातात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकने दिली जातात. सलामीला पहिला मानांकित संघ सोळाव्याशी, दुसरा पंधराव्याशी खेळतो. म्हणजे मोसमभर चांगली कामगिरी करणाऱ्याला सोपा प्रतिस्पर्धी. मात्र स्पर्धा बाद पद्धतीची असते. आयपीएलसारखी ‘क्वालिफायर’ची दुसरी संधी इथे नाही. एक पराभव आणि मोसम संपला.

१ ते १६ मानांकनांची ही रचना १९८५ पासून आहे. तेव्हापासून २०१८ मधील त्या सामन्यापर्यंत पहिल्या आणि सोळाव्या मानांकितांमध्ये १३५ लढती झाल्या होत्या. सर्वच्या सर्व १३५ पहिल्या मानांकितांनी जिंकल्या.

१६ मार्च २०१८ रोजी काय घडले?

व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ ३१ विजय आणि अवघे दोन पराभव घेऊन स्पर्धेत उतरला होता. देशाच्या क्रमवारीत तो अव्वल होता. समोर होता युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी, म्हणजेच ‘यूएमबीसी’चा संघ. या विद्यापीठाची देशभरातील ओळख बास्केटबॉलपेक्षा बुद्धिबळासाठी अधिक. त्याच मोसमात जानेवारीत आल्बनी विद्यापीठाने या संघाला ४४ गुणांनी धुतले होते. सट्टेबाजांचा अंदाज होता, की व्हर्जिनिया सुमारे २० गुणांनी जिंकेल.

शार्लट शहरातील या सामन्यात मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. भारतात तेव्हा १७ मार्चची, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. उत्तरार्धात यूएमबीसीने तब्बल ५३ गुण केले. व्हर्जिनियाचा बचाव मोसमभर प्रतिस्पर्ध्यांना अख्ख्या सामन्यात सरासरी सुमारे ५४ गुणच देत होता, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. निकाल यूएमबीसी ७४, व्हर्जिनिया ५४. जायरस लाइल्स या खेळाडूने एकट्याने २८ गुण मिळवले.

‘अशक्य’ म्हणजे किती टक्के?

१३५ पैकी १३५ विजय पाहिले की चाहत्याच्या मनात शक्यता १०० टक्के होते. इथेच पहिली गल्लत होते. समजा, पहिल्या मानांकिताची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९९ टक्के आहे. तरीही सलग १३५ सामन्यांत एकही धक्का न बसण्याची शक्यता जेमतेम २६ टक्के येते. शक्यता ९८ टक्के धरली, तर हाच आकडा साडेसहा टक्क्यांवर घसरतो. इंजिनीअरिंगला ‘प्रोबॅबिलिटी’चा पेपर दिलेल्यांना हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल.

थोडक्यात, धक्का कधी तरी बसणारच होता. तो कोणाला आणि कधी बसेल, एवढेच माहीत नव्हते. आपल्या संघाला बसतो तेव्हा मात्र तो आकडा राहत नाही, नामुष्की ठरतो.

एका सामन्यात नशिबाचा वाटा किती?

त्या रात्री यूएमबीसीने तीन गुणांच्या २४ फेकींपैकी १२ अचूक मारल्या. व्हर्जिनियाला २२ पैकी ४ च साधल्या. महाविद्यालयीन पातळीवर अशा फेकींची अचूकता साधारण ३५ टक्के असते. दोन्ही संघांनी तेवढ्याच अचूकतेने फेकी केल्या असत्या, तर या फेकींतून यूएमबीसीला सुमारे २५ आणि व्हर्जिनियाला २३ गुण मिळाले असते. प्रत्यक्षात मिळाले ३६ आणि १२. म्हणजे सुमारे २२ गुणांचा फरक फक्त इथे पडला.

अर्थात, हे सगळे नशिबावर ढकलणे यूएमबीसीवर अन्याय ठरेल. अंदाज आणि निकाल यांत तब्बल ४० गुणांचे अंतर होते. निम्मे तीन गुणांच्या फेकींनी भरून निघाले, तर उरलेले निम्मे यूएमबीसीच्या वेगवान चढायांनी आणि बचावाने. शिवाय व्हर्जिनियाचा महत्त्वाचा खेळाडू डीआंद्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता. प्रशिक्षक टोनी बेनेट यांची संथ शैलीही इथे उलटली असे म्हणता येईल. चढाया जितक्या कमी, तितकी वरचढ संघाला आपले वर्चस्व दाखवण्याची संधी कमी. क्रिकेटमध्ये ५० षटकांऐवजी १० षटकांचा सामना झाला की दुबळ्या संघाची आशा वाढते, तसेच हे.

यूएमबीसीकडून अपेक्षा कशा बदलल्या?

शुक्रवारी सकाळी या संघाचे नावही बहुतेकांना ठाऊक नव्हते. रविवारी कॅन्सस स्टेटविरुद्ध तो उतरला, तेव्हा अर्ध्या देशाला दुसऱ्या चमत्काराची आस लागली होती. संघ तोच होता, खेळाडू तेच होते. यूएमबीसी ४३-५० असा हरला. ४८ तासांत बदलली होती ती फक्त अपेक्षा.

पराभवानंतरचा व्हर्जिनियाचा ‘पुढचा सामना’ कसा होता?

या स्पर्धेतील व्हर्जिनियाच्या चाहत्यांना पुढच्या सामन्यासाठी वर्षभर थांबावे लागले. २२ मार्च २०१९ रोजी संघ पुन्हा पहिला मानांकित होता आणि समोर पुन्हा सोळावा मानांकित गार्डनर-वेब. पूर्वार्धात व्हर्जिनिया एका टप्प्यावर १४ गुणांनी मागे पडला. मध्यंतराला ३०-३६ अशी पिछाडी होती. वर्षभर जी भीती उशाशी घेऊन चाहते झोपले, ती डोळ्यांसमोर उभी होती. उत्तरार्धात संघ सावरला आणि ७१-५६ असा जिंकला. हंटरने २३ गुण केले. तिथून पुढे संघ थांबला तो ८ एप्रिलला मिनियापोलिसमध्ये टेक्सस टेकला अतिरिक्त वेळेत ८५-७७ असे हरवून, पहिलेवहिले विजेतेपद पटकावल्यावरच.

आपल्याकडच्या वाचकांना यात ओळखीचे काही सापडेल. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत, सलग दहा विजयांनंतर भारत विश्वचषकाची अंतिम लढत हरला. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेला अवघ्या सात धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला. त्या दोन सामन्यांमधले सात महिने कसे गेले, हे आपण अनुभवले आहे.

मग पराभवाने विजेतेपद घडवले का?

चाहत्यांना ही गोष्ट आवडते आणि तिच्यात तथ्यही आहे. बेनेट यांनी तो पराभव झाकून ठेवला नाही, वर्षभर त्यावर उघडपणे बोलले. पण आकडे दुसरी बाजूही दाखवतात. उपांत्यपूर्व फेरीत पर्ड्यूविरुद्ध ममादी डियाकिटेने अखेरच्या क्षणी चेंडू बास्केटमध्ये टाकला नसता, तर व्हर्जिनिया तिथेच बाद झाला असता. उपांत्य फेरीत ऑबर्नविरुद्ध संघ दोन गुणांनी मागे असताना ०.६ सेकंद उरले होते. काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले, तिन्ही त्याने साधले आणि सामना ६३-६२ असा जिंकला. त्याच्या काही क्षण आधी व्हर्जिनियाच्या एका खेळाडूची ‘डबल ड्रिबल’ची चूक पंचांच्या नजरेतून सुटली होती.

२०१८ मध्ये फेकी लागल्या नाहीत, तेव्हा ‘दडपणाखाली कच खाणारा संघ’ असे म्हटले गेले. २०१९ मध्ये केसभराच्या फरकाने सामने सुटले, तेव्हा ‘नियतीनेच परतफेड केली’ असे म्हटले गेले. नशिबाचा वाटा दोन्ही वर्षी होता. चाहत्यांनी तो पहिल्यांदा खेळाडूंच्या माथी मारला आणि दुसऱ्यांदा दैवी ठरवला.

पुढचा इतिहासही बोलका आहे. विजेतेपदानंतर बेनेट यांच्या संघाला या स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नाही. २०२१ मध्ये ओहायोने, २०२३ मध्ये फर्मनने, तर २०२४ मध्ये कोलोरॅडो स्टेटने त्याला पहिल्याच लढतीत घरी पाठवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेनेट निवृत्त झाले.

पर्ड्यूची कथाही अशीच. १७ मार्च २०२३ रोजी फेअरली डिकिन्सन या सोळाव्या मानांकिताने पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. पुढच्याच वर्षी पर्ड्यूने सलामीला ग्रॅम्बलिंग स्टेटला ७८-५० असे नमवत अंतिम फेरी गाठली. तिथे मात्र कनेटिकटकडून ६०-७५ असा पराभव झाला. परतफेडीची गोष्ट दर वेळी पूर्ण होत नाही.

अपेक्षांचे ओझे कोणावर?

हे खेळाडू बहुतांश १८ ते २२ वर्षांचे विद्यार्थी असतात. २०१८ च्या पराभवानंतर काइल गायने आपल्याला होणाऱ्या चिंताविकाराच्या त्रासाबद्दल समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले. तेव्हा तो विशीचा होता.

त्या सामन्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरील संघराज्यीय निर्बंध रद्द केले आणि राज्यांना सट्टा कायदेशीर करण्याची मुभा मिळाली. आता चाहत्याच्या अपेक्षेला पैशांची जोड आहे. संघ जिंकूनही ठरावीक गुणांच्या फरकाने जिंकला नाही, तरी शिव्या खेळाडूलाच. म्हणूनच मार्च २०२४ मध्ये एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरचे सट्टे बंद करण्याची मागणी राज्यांकडे केली.

पुढच्या सामन्याकडून काय अपेक्षा ठेवावी?

हिशेब असा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ८० टक्के असलेला संघ खरोखर बलाढ्य म्हणायला हवा. पण विजेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात आणि सहाही जिंकण्याची शक्यता फक्त २६ टक्के उरते. म्हणजे सर्वोत्तम संघही चारपैकी तीन वेळा रिकाम्या हातानेच परतणार.

पुढच्या सामन्यात आपला संघ जिंकेल, असे वाटण्यात गैर काही नाही. तसे वाटत नसेल तर सामना पाहायचा कशाला? फक्त तो हरला, तर ‘खेळाडूंनी दगा दिला’ असा संदेश पाठवण्याआधी तीन गुणांच्या किती फेकी लागल्या, तो आकडा पाहून घ्यावा. त्या दिवशी चेंडू बास्केटच्या कडीवर आपटून बाहेर पडत होता, एवढेच कदाचित खरे असेल.