मॅक्रो फंक्शनसारखा दिसतो, पण फंक्शन नसतो

रायपूरला आमच्या शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा काल लॅपटॉप घेऊन आला. "काका, ६ चा वर्ग ११ येतोय!"

सी भाषेतला मॅक्रो होता: वर्ग(क) म्हणजे क * क. त्याला दिलं होतं ५ + १.

प्रीप्रोसेसर गणित करत नाही, नुसता मजकूर चिकटवतो. झालं ५ + १ * ५ + १. गुणाकार आधी, म्हणून ११.

प्रत्येक क भोवती कंस आणि सगळ्याभोवती आणखी एक कंस घातला की हे सुटतं.

पण वर्ग(क++) लिहून बघा. कंस असूनही क++ दोनदा चिकटतं, आणि अशा ओळीचं उत्तर काय यावं याची सी भाषा कसलीच हमी देत नाही. आज बरोबर, उद्या दुसऱ्या कंपायलरवर भलतंच! माझ्या मते खरं दुखणं हेच.

म्हणून हिशोबासाठी इनलाइन फंक्शन, स्थिर आकड्यांसाठी कॉन्स्ट किंवा इनम. मॅक्रो हेडर गार्डपुरते ठेवा.

संशय आलाच, तर जीसीसीला उणे चिन्ह आणि कॅपिटल ई हा पर्याय द्या. मॅक्रो उलगडलेला कोड समोर येतो.

तुम्हाला कुठल्या मॅक्रोने छळलंय? कॉमेंटमध्ये टाका, मिळून उलगडू.